बाटलीवरचं अक्षर

शाळेत तिला सगळे थेंबमावशी म्हणायचे. नाव तिचं नव्हतं, नवऱ्याचं होतं. तो होता तोवर तो थेंबकाका. तो गेला, त्याच्या जागेवर ही लागली, आणि नोकरीसोबत टोपणनावही गळ्यात पडलं. नात्यानं बघायचं तर काकाची बायको काकू व्हायला पाहिजे होती. पण हातात फडकं असलेल्या बाईला काकू कोण म्हणतंय? तिला सगळीकडे मावशीच म्हणतात.

आता थेंब कशाचा, ते सांगायला पाहिजे. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला सायन्सची लॅब. तिथे पाणी उकळून त्याची वाफ पकडायचं काचेचं यंत्र होतं. खाली बर्नर, वर फुगीर चंबू, त्याच्या तोंडाला लांब तिरकी काचेची नळी, आणि नळीच्या टोकाखाली बाटली. वाफ नळीत थंड व्हायची आणि टप, टप, एकेक थेंब बाटलीत पडायचा. बाटली भरायला अख्खी दुपार जायची. नवरा समोर स्टूल टाकून बसायचा आणि उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसा त्या थेंबांकडे बघत राहायचा. कुणी म्हणालं, काका, ते आपोआप पडतंय, तुम्ही कशाला बसलाय? तर तो म्हणायचा, माझ्यासमोर पडलं तरच मी त्याच्यावर नाव लिहिणार.

नावाचं त्याला वेडच होतं, आणि त्याला कारण होतं. कामाला लागला त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यानं 'पाणी' असं लिहिलेली एक बाटली उचलली आणि बूच ओढलं. आत अ‍ॅसिड. आधीच्या माणसानं रिकामी दिसली म्हणून ओतून ठेवलं होतं. उजवा डोळा गेला. नऊ दिवस दवाखान्यात पडून होता, आणि ते नऊही दिवस सायन्सचे सर शाळा सुटली की थेट येऊन उशाशी बसायचे. बायको तेव्हा पोटुशी. घरचा डबा खालपर्यंत आणायची, वर न्यायचे सर. ती गोष्ट ती कधी विसरली नाही. पुढे जे झालं त्यात या नऊ दिवसांचा मोठा हात आहे.

एकच डोळा घेऊन परत आल्यावर नवऱ्यानं लॅबमधल्या एकशेचाळीस बाटल्या एकेक करून रिकाम्या केल्या, धुतल्या, भरल्या आणि प्रत्येकीवर नवीन कागद डकवून काळ्या शाईनं नाव घातलं. मोरचूद. तुरटी. चुन्याची निवळी. शुद्ध पाणी. अक्षर गोल, ठसठशीत, एका डोळ्यानं काढलेलं म्हणून जरा डावीकडे कललेलं. वरून मेणबत्ती घासली, म्हणजे ओले हात लागले तरी अक्षर पुसू नये. पुढे वीस वर्षं, तो गेल्यावरही, त्यातलं एकही पुसलं नाही.

तो स्वतः मध्येच दोन दिवसांच्या तापात गेला. फोटो घरात एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा दुसऱ्याच्या खांद्यामागे. त्यामुळे मावशीला नवरा बघायचा असेल तर लॅबमध्ये जायला लागायचं. सकाळी कुलूप काढलं की एकशेचाळीस बाटल्यांवर तोच.

मावशी स्वतः पाचवी शिकलेली. पण अकरा वर्षांत लॅबनं तिला जे शिकवलं ते भल्याभल्यांना येत नव्हतं. वासावरून, रंगावरून, हलवल्यावर येणाऱ्या आवाजावरून ती सांगायची आत काय आहे. शुद्ध पदार्थ आणि मिश्रणाचा धडा दरवर्षी यायचा. त्या दिवशी ती सरांच्या टेबलावर दोन चंचुपात्रं मांडून ठेवायची. दोन्हीत पाणी, दोन्ही काचेसारखी स्वच्छ. एक नुसतं, एकात मीठ विरघळवलेलं. चाखायचं नाही, ओळखा. वर्ग नुसता बघत बसायचा. मग सर दोन वॉच ग्लासवर, म्हणजे काचेच्या छोट्या बशांवर, एकेक थेंब टाकून दिव्यावर धरायचे. एक काच कोरी राहायची, दुसरीवर पांढरं कडं उठायचं. डोळ्याला एक दिसतं म्हणून ते एक नसतं, एवढाच तो धडा.

नवरा तिला घरी हाच धडा दोन वाक्यांत सांगायचा. दुकानातलं शुद्ध वेगळं, लॅबमधलं शुद्ध वेगळं. दुकानात शुद्ध म्हणजे घाण नाही, आणि लॅबमध्ये शुद्ध म्हणजे एकटं. दुसरं कुणी सोबत नाही, ते शुद्ध. तेव्हा ती हसली होती. म्हणाली होती, मग असलं शुद्ध होऊन काय करायचंय.

दोन वर्षांपूर्वी ती तिरकी नळी तडकली. मावशीच्या हातून नाही, आपोआप, जुनी झाली म्हणून. तिनं अर्ज केला. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून अर्ज सरांनी लिहिला, तिनं सही केली. ऑफिसात म्हणाले, बघू. दुसरा अर्ज. बघू. तिसऱ्याला तर कुणी बघूही म्हणालं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. 'शुद्ध पाणी' लिहिलेली बाटली कपाटात रिकामी बसली. मग एकदा वरून कुणीतरी तपासायला येणार म्हणून सर घाईघाईनं म्हणाले, मावशी, यादीत भरलेली बाटली आहे, रिकामी दिसायला नको, पिण्याच्या जारमधलं पाणी भरून ठेव, ते पण शुद्धच असतं.

सायन्सचे सर हे म्हणाले. तेच सर, जे दरवर्षी दोन थेंब दिव्यावर धरायचे. तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. तिनं भरलं.

तेव्हापासून सर तो धडा पुस्तकातलं चित्र दाखवून शिकवायला लागले. चित्रातल्या काचेवर कडं बरोबर उठलेलं होतं. मावशी मात्र त्या कपाटापुढून जाताना मान फिरवायची. घरी फोटोला पाठ करून कपडे बदलतात ना, तसं.

यंदा नोटीस आली. लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची तोंडी परीक्षा, घ्यायला वरून साहेब येणार. दहा प्रश्न, सात बरोबर आले की पास. पास झाला तर आहे तिथे, नाहीतर खाली. खाली म्हणजे तळमजल्यावरचे संडास आणि पाण्याची टाकी. मावशीला संडासाची लाज नव्हती, घरचा ती धुतच होती. पण खालच्या माणसाला लॅबची किल्ली मिळत नाही. एकशेचाळीस बाटल्या दुसऱ्याच्या हातात जाणार. तिच्या तोंडचं पाणी पळालं ते त्यानं.

अभ्यास घ्यायला घरी पोरगी होती. पोरगी आठवीत एक दिवस वर्गातून उठून आली ती परत गेलीच नाही. एका जागी बसणं तिला जमायचं नाही. आता मोज्यांच्या कारखान्यात आठ तास एका जागी बसून जोड्या लावायची. रविवारी दुपारी तिनं शेजारणीकडून पुस्तक आणलं आणि खोलीत येरझाऱ्या घालत आईला विचारायला लागली. आई खाली बसून कांदे चिरत होती.

"पितळ?"

"मिश्रण. तांबं आणि जस्त."

"हवा?"

"मिश्रण."

"साखर?"

"शुद्ध."

"मीठ?"

"कुठलं?"

पोरगी थांबली. "कुठलं म्हणजे? मीठ."

"डब्यातलं की लॅबमधलं? डब्यातल्यात अजून कायकाय घालतात."

"आई, पुस्तकात एकच मीठ आहे. शुद्ध म्हण आणि पुढे चल. साहेबाला तुझी अक्कल नकोय, पुस्तकातली पाहिजे."

आईनं मान हलवली. मग थोड्या वेळानं, कांद्यानं डोळे भरलेच होते त्या आडोशानं, तिनं पोरीला बाटलीचं सांगितलं. इतके दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरीनं ऐकलं आणि आधी सरांना एक शिवी दिली. आई म्हणाली, तोंड सांभाळ, तुझ्या बापाच्या उशाशी बसलाय तो माणूस. पोरगी म्हणाली, बसला असेल, पण आता कुठं पाणी मुरतंय ते मला कळलं. मग तिनं पुस्तक मिटलं आणि आईसमोर उकिडवी बसली.

"हे बघ. बाटलीचं कुणी विचारणारच नाही. आणि विचारलंच तर शुद्ध म्हणायचं. वर लिहिलंय. बाबांनी लिहिलंय. संपलं."

"बाबांनी लिहिलं तेव्हा आत तेच होतं."

"बाबा बघायला येणारेत का?"

आईची सुरी कांद्यावरच थांबली. पोरीला आपण जास्त बोललो हे कळलं, पण माघार घेणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिनं आईच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेले कांदे स्वतः चिरायला बसली.

परीक्षेच्या दिवशी मावशी तासभर आधी गेली. बाटली मोरीत ओतून टाकायची, असं तिनं येताना ठरवलं होतं. बूच काढलंही. तेवढ्यात सर आले. म्हणाले, अगं राहू दे, यादी टॅली करणार आहेत, एकदा आजचं होऊन जाऊ दे. सरांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. तिनं बूच परत लावलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. सर्दीनं बेजार, रुमाल हातातच, आधी दोन शाळा करून आलेला. त्यानं तिला बसायला सांगितलं. लॅबमध्ये अकरा वर्षांत तिला बसायला सांगणारा तो पहिलाच. सर खिडकीपाशी उभे होते. साहेबानं कागद बघून विचारायला सुरुवात केली आणि मावशी धाडधाड उत्तरं देत गेली. दूध, मिश्रण. पारा, शुद्ध. पोलाद, मिश्रण. मीठ विचारलं तेव्हा ती जरा अडली, मग पोरीचा आवाज आठवून म्हणाली, शुद्ध. मग वाळू आणि लोखंडाचा कीस कसा वेगळा करायचा, कापूर आणि मीठ कसं वेगळं करायचं. शाईतले रंग कसे सुटे करायचे, यावर तर तिनं टीपकागदाची पट्टी किती रुंद कापायची आणि ठिपका पाण्याच्या किती वर ठेवायचा इथपर्यंत सांगितलं. साहेब शिंकला आणि हसला. नऊ झाले होते, नऊही बरोबर. ती पास झाली होती.

"शेवटचा सोपा देतो," साहेब म्हणाला. उठला आणि हाताला आली ती बाटली कपाटातून काढून तिच्यासमोर ठेवली. "वाचा. काय लिहिलंय?"

"शुद्ध पाणी."

"मग हे शुद्ध की मिश्रण?"

एक शब्द म्हणायचा होता. तोही वर लिहिलेला. मावशी त्या अक्षराकडे बघत राहिली. 'द्ध'चं पोट जरा जास्तच फुगलेलं, 'णी'ची वेलांटी डावीकडे झुकलेली. शुद्ध म्हटलं असतं तर ते तिनं म्हटलं नसतं, त्यानं म्हटलं असतं. ज्यानं एका खोट्या नावापायी डोळा दिला, त्यालाच साक्षीला उभं करून खोटं बोलायला लावायचं.

"मिश्रण," ती म्हणाली.

साहेबाला वाटलं बाई घाबरली. त्यानं तिला अडचणीतून बाहेर काढायचा प्रयत्न केला. म्हणाला, घाबरू नका, पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन, पण ते संयुग, म्हणजे शुद्धच, हो ना? मावशी उठली. वॉच ग्लास घेतली, बाटलीतला एक थेंब तिच्यावर टाकला, स्पिरिटचा दिवा पेटवला आणि काच चिमट्यात धरली. तिघंही बघत उभे राहिले. थेंब आकसत गेला. शेवटी काच कोरडी झाली आणि तिच्यावर कडं राहिलं. बारीक, पांढरं, नीट बघितलं तरच दिसेल असं. साहेबानं खिशातून चष्मा काढून बघितलं.

"आत काय आहे मग?"

"पिण्याच्या जारमधलं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"कुणी भरायला सांगितलं?"

खिडकीपाशी सर पेनचं टोपण काढत होते आणि लावत होते. काढत होते आणि लावत होते. दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी व्हायला तिनं फक्त तिकडे बघायचं होतं. तिनं बघितलं नाही.

"कुणी नाही," मावशी म्हणाली. "मीच."

साहेबानं पुन्हा विचारलं, त्याला काहीतरी वास आला असणार, नाक चोंदलेलं असूनसुद्धा. तिनं तेच सांगितलं. मग त्यानं सुस्कारा सोडला आणि कागदावर लिहिलं. दहापैकी दहा. खाली शेरा लिहिला, तो आठ दिवसांनी पत्रातून आला: लेबलवर एक आणि बाटलीत दुसरं ठेवणाऱ्या व्यक्तीला प्रयोगशाळेत ठेवणं धोक्याचं आहे.

पत्र पोरीनं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ती चपला घालायला लागली. शाळेत जाते, म्हणाली, त्या सराला वर्गासमोर विचारते. आईनं दाराला कडी घातली आणि दाराला टेकून उभी राहिली. पोरगी ओरडली, भांडली, तुझी काशी झाली तरी तू त्यालाच पाठीशी घालणार, म्हणाली. आई ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "शेरा खोटा नाहीये. तुझ्या बापानं पण हाच लिहिला असता."

पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली.

लॅब सोपवायच्या दिवशी सर आले. दारातच थांबले. मावशी, मी बोलायला पाहिजे होतं, म्हणाले. "हो सर," मावशी म्हणाली आणि सिंक घासत राहिली. ते गेले. ती काही रागानं बोलली नव्हती. ते खरं बोलले होते, तिनं हो म्हटलं होतं.

तिच्या जागी आलेला माणूस दहावी पास होता, हसतमुख होता, आणि बॅगेतून छापील लेबलांचे गठ्ठे घेऊन आला होता. चिकटवायची, एकसारखी, ठळक. म्हणाला, मावशी, हे हातानं लिहिलेलं आता चालत नाही. त्यानं पहिल्या रांगेपासून सुरुवात केली, आणि नखानं खरवडून जुने कागद काढायला लागला. कागद तुकड्यातुकड्यांनी निघत होते. मोरचूदचा 'मो' केराच्या टोपलीत पडला. मावशीनं विचारलं, एक मी काढू का, घरी न्यायला? तो म्हणाला, घ्या की, मला काय करायचंय त्याचं. बाटली मात्र ठेवा, यादीत आहे.

तिनं 'शुद्ध पाणी' घेतली. आधी आतलं पाणी मोरीत ओतून दिलं. खरवडून फाटायला नको, म्हणून बर्नरवर पाणी गरम केलं, ट्रेमध्ये ओतलं आणि बाटली आडवी बुडवून ठेवली. मेण सुटलं, पांढऱ्या साईसारखं वर आलं. तिला बरं वाटलं. डिंक भिजायला पाच मिनिटं लागतात, हे तिला माहीत होतं. तिला सगळं माहीत होतं. म्हणून ती पाठ फिरवून हात पुसायला गेली.

वळली तेव्हा कागद सुटून तरंगत होता आणि त्याच्याभोवती रंग पसरत होता. आधी निळा. मग जांभळा. अगदी कडेला पिवळट. तिनं दोन्ही हातांनी कागद उचलला तशी उरलेली शाईही ओघळून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. अकरा वर्षं दरवर्षी तिनं वर्गासाठी हा प्रयोग मांडला होता. काळी शाई, ओला कागद. एका महिन्यापूर्वी साहेबाला तिनंच सांगितलं होतं, पट्टी किती रुंद आणि ठिपका किती वर. मेण कशासाठी घासलं होतं, तेही तिला ठाऊक होतं, त्याच्या शेजारी बसून मेणबत्ती तिनंच धरली होती.

नवीन माणूस तिसऱ्या रांगेवर पोचला होता. तिला नुसती उभी बघून त्यानं विचारलं, निघालं का? निघालं, ती म्हणाली. त्यानं हात पुढे करून रिकामी बाटली घेतली, छापील लेबल लावलं, अंगठ्यानं नीट दाबलं, आणि ती भरायला जारकडे गेला. मावशीनं तोंड उघडलं. मग मिटलं. लॅबची किल्ली सकाळीच त्याच्याकडे दिली होती.

पोरगी कारखान्यातून परस्पर फाटकाशी आली होती. घरी गेल्यावर आईनं पिशवीतून वहीच्या पुठ्ठ्यात धरलेला ओला कागद काढला. पोरीनं तो उजेडाकडे धरला.

"यावर तर काहीच नाही."

"होतं."

पोरीनं कागद उलटा केला, सुलटा केला. "कडेला निळं आहे. जांभळं पण. बाबांची शाई काळी होती ना?"

"काळीच होती," आई म्हणाली. "काळ्यात तेवढं सगळं असतं."

पोरगी पुढे काहीतरी बोलणार होती, पण तिला आईचं मनगट दिसलं. ती उठली, दोरीवरचे मोजे सरकवून जागा केली आणि कागदाला दोन चिमटे लावले. मोजेही कारखान्यातलेच, जोडी न जमलेले, टाकून दिलेले. त्यांच्यात तो कागद रात्रभर लटकत राहिला.

सकाळपर्यंत तो वाळून कडक झाला होता. मावशीनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि साडेसहालाच निघाली. टाकी सातच्या आत धुवायची असते, आणि तळमजल्याच्या किल्ल्या आता तिच्याकडे होत्या.